आफ्रिकेतल्या दवाखान्यासाठी अ‍ॅप बनवायचंय? आधी तिथल्या नर्सचं रजिस्टर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये सहा-सात वर्षं झालीयेत, चार-पाच मित्र तयार आहेत, शनिवार-रविवार वेळ काढून आफ्रिकेतल्या एखाद्या देशातल्या खेड्यातल्या दवाखान्यांसाठी पेशंटच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप फुकट बनवून द्यायचंय, जमलं तर ऑफिसातून निघणारे जुने लॅपटॉपही पाठवायचेत. सुरुवात कुठून करायची, आणि अशा गोष्टींचा गरीब देशांना खरंच उपयोग होतो का, हे तुम्ही विचारलंय.

मी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत सरकारी आरोग्य खात्यांच्या माहिती यंत्रणांवर बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे बोलणं जास्त करून आरोग्याबद्दल होईल, पण शेती आणि पैशांच्या व्यवहारातही हेच दिसतं म्हणून मध्येमध्ये तिकडेही जाईन. उत्तर लांब आहे, निवांत वाचा.

उपयोग होतो का, याचं उत्तर आधी देते. होतो, आणि मोठा होतो. उत्तर केरळात १९९७ ते २००१ या काळात मोबाईलचे टॉवर किनाऱ्यालगत टप्प्याटप्प्याने आले, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर भाव बरा आहे ते विचारायला लागले. त्याआधी असं व्हायचं की एका बंदरावर मासळीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती टाकून द्यावी लागायची आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर लोक मासळीची वाट बघत असायचे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला, त्यात मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढलेला, गिऱ्हाइकाला भाव ४ टक्के कमी झालेला आणि मासळी वाया जाणं जवळजवळ थांबलेलं दिसलं. म्हणजे दोन्ही बाजूंचा फायदा. आता यात लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे मच्छीमारांसाठी कुणी काही बनवलं नव्हतं, फोन त्याच्या त्याच्या कारणाने आला आणि आपल्याला याचं काय करता येईल हे त्या लोकांनी स्वतः शोधलं.

केनियातल्या एम-पेसाचं, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सेवेचं, नाव तुम्ही ऐकलंच असेल. ते सफारीकॉम या तिथल्या मोबाईल कंपनीने मार्च २००७ मध्ये सुरू केलं, त्याआधीच्या चाचणीला ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याचा पैसा होता. मूळ कल्पना काय होती तर छोटी कर्जं घेतलेल्या लोकांना हप्ते फोनवरून भरता यावेत. थिका आणि आसपास चाचणी घेतली तर लोक हप्ते भरण्यापेक्षा एकमेकांना पैसे पाठवायला लागले, गावाकडे पाठवायला लागले, कुणी प्रवासाला निघताना पैसे जवळ नकोत म्हणून एका ठिकाणी भरून दुसऱ्या ठिकाणी काढायला लागले. आणि मग ज्यांनी ते बनवलं होतं त्यांनी हट्ट न धरता कर्जाचा भाग बाजूला ठेवला आणि 'घरी पैसे पाठवा' एवढंच सांगून ते बाजारात आणलं. साध्यातल्या साध्या फोनवर चालायचं, सिम कार्डातच मेनू असायचा, इंटरनेट लागायचं नाही, आणि पैसे भरायला-काढायला गल्लीतला दुकानदार एजंट. त्या एजंटला प्रत्येक व्यवहारामागे कमिशन मिळायचं, म्हणून तो दुकान उघडं ठेवायचा आणि गल्ल्यात रोकड ठेवायचा. लोक एम-पेसाच्या तंत्रज्ञानाचं कौतुक करतात, मला विचाराल तर त्या कमिशनचं जास्त करायला हवं.

हे कमिशन डोक्यात ठेवून आता खेड्यातल्या आरोग्य केंद्रात या.

तिथे बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. एक-दोन नर्स, एखादा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेला, पण तपासून औषध देणारा), सकाळी सहा-सातपासून बाहेर बाकांवर बसलेली माणसं. आणि टेबलावर रजिस्टरं. बाह्यरुग्णांचं वेगळं, गरोदर बायकांचं वेगळं, बाळंतपणाचं, लसीकरणाचं, कुटुंब नियोजनाचं, टीबीचं, एचआयव्हीचं, मलेरियाच्या तपासण्यांचं. एकच बाई गरोदरपणाच्या तपासणीला आली, तिची एचआयव्ही तपासणी झाली, मलेरियाची गोळी दिली, तर तिचं नाव तीन ठिकाणी लिहायचं. महिना संपला की ही सगळी रजिस्टरं उघडून रेघोट्या मारत मोजायचं आणि सरकारी फॉर्म भरायचा, केनियात त्यातला एक एमओएच ७११ असतो, युगांडात १०५ नंबरचा असतो, तो जिल्ह्याला जातो, तिथून वर. नर्सला त्यातून परत काय मिळतं? बहुतेक ठिकाणी फक्त फोन येतो, तुमचा फॉर्म आला नाही किंवा आकडे जुळत नाहीत म्हणून.

अशा ठिकाणी आपण अ‍ॅप घेऊन जातो. अ‍ॅप चांगलं असतं, स्क्रीन सुंदर असतात, पण रजिस्टर काही बंद होत नाही, कारण रजिस्टर बंद करायचा अधिकार नर्सला नाही, जिल्ह्यालाही नाही, तो मंत्रालयाला आहे. मग ती रजिस्टरात लिहिते आणि वर अ‍ॅपमध्येही भरते. डबल एंट्री. पायलट, म्हणजे चाचणीचा, प्रोजेक्ट चालू असेपर्यंत कोऑर्डिनेटर येतो, डेटा पॅक भरून देतो, ट्रेनिंगच्या दिवसाचा भत्ता मिळतो, सगळं छान चालतं, रिपोर्टात आलेख वर जाताना दिसतात. फंडिंग संपलं की टॅबलेट कपाटात जातो. अशी कपाटं मी फार बघितलीयेत, एकाच कपाटात तीन वेगवेगळ्या संस्थांचे तीन टॅबलेट, तिघांचेही चार्जर वेगळे आणि तिघांनाही माहिती साधारण तीच हवी होती. चूक नर्सची नसते, तिने प्रामाणिकपणे जेवढं जमलं तेवढं केलेलं असतं. तिच्या दिवसातून अर्धा तास काढून घेऊन तिला बदल्यात काहीच न देणारी वस्तू टिकणार कशी?

युगांडात हे इतकं वाढलं की जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने आरोग्यातल्या सगळ्या नव्या डिजिटल प्रोजेक्टवर चक्क स्थगिती आणली. देशाच्या नकाशावर एवढे पायलट झाले होते, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही, काही तर मंत्रालयाला माहीतही नव्हते. बाहेरच्या बऱ्याच लोकांना तेव्हा राग आला. माझ्या मते तो त्या दशकातला या क्षेत्रातला सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण त्यानंतर जो येईल त्याला आधी सरकारला विचारावं लागलं की तुमच्याकडे काय चालू आहे आणि आमचं त्यात कुठे बसतं.

आता चाललेली उदाहरणं. पहिलं दक्षिण आफ्रिकेचं, जरा मागे जावं लागेल. १९९४ मध्ये वर्णभेदाची राजवट गेली तेव्हा त्या देशात एक आरोग्य खातं नव्हतं, वंशाप्रमाणे आणि तथाकथित होमलँडप्रमाणे (कृष्णवर्णीयांसाठी वेगळे काढलेले प्रदेश) फोडलेली १४ खाती होती, प्रत्येकाचे फॉर्म वेगळे, आकडे मोजायच्या पद्धती वेगळ्या. देशात किती बाळांना गोवरची लस मिळाली, एवढ्या साध्या प्रश्नाचं एक उत्तर देता येत नव्हतं. तेव्हा नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाचे आणि केपटाऊनच्या दोन विद्यापीठांचे लोक, जुन्या लढ्यातले आरोग्य कार्यकर्ते असे एकत्र आले आणि त्यांनी सुरुवात कशाने केली तर कोणते आकडे गोळा करायचे हे ठरवण्याने. प्रत्येक जण आपला आवडता आकडा घेऊन भांडणार, हे ठरलेलंच. त्यांनी नियम धरला की ज्या आकड्यावरून दवाखान्यात किंवा जिल्ह्यात कुणी काही निर्णय घेणार नाही तो आकडा यादीत नको. यादी छोटी झाली. मग सॉफ्टवेअर आलं, पहिलं तर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये केलेलं, त्याचं नाव डीएचआयएस, म्हणजे जिल्हा आरोग्य माहिती यंत्रणा. पुढे ते नव्याने वेबवर लिहिलं गेलं, डीएचआयएस-२, आणि ते पहिल्यांदा वापरात आलं ते आपल्याकडे, केरळात, २००६ मध्ये. आज ७० हून जास्त देशांची सरकारं ते वापरतात. फुकट आहे, कोड खुला आहे.

केनियाने २०११ मध्ये हे देशभर नेलं आणि तिथे एक गोष्ट घडली ती तुमच्यासारख्या इंजिनियरला आवडेल. आधी विचार असा होता की प्रत्येक जिल्ह्याच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर वेगळं टाकायचं आणि डेटा पेन ड्राइव्हने गोळा करायचा, कारण इंटरनेटचा भरवसा नाही. पण २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल येऊन लागल्या होत्या, त्याआधी सगळं उपग्रहावर चालायचं आणि त्याचे दर न परवडणारे असायचे. फिरून बघितलं तर मोबाईलच्या डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायचं सिम कार्डाचं छोटं यंत्र) जिल्ह्याजिल्ह्यात बऱ्यापैकी इंटरनेट मिळत होतं. मग शेकडो इन्स्टॉलेशन करण्याऐवजी एकच मध्यवर्ती सर्व्हर ठेवला, जिल्ह्याच्या रेकॉर्ड अधिकाऱ्यांना डोंगल दिले, किनारपट्टीच्या प्रांतात चाचणी घेतली आणि काही महिन्यांत देशभर पसरलं. शेकडो ठिकाणच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवर एकेक व्हर्जन अपडेट करत फिरणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच त्या निर्णयाची किंमत कळेल. आणि तो निर्णय फिरल्यामुळे झाला, नैरोबीत बसून झाला नसता.

पण डीएचआयएस-२ मध्ये मुख्यतः महिन्याचे एकूण आकडे असतात (आता एकेका पेशंटचा पाठपुरावाही करता येतो, पण त्याची मूळ ताकद आकड्यांची). तुम्हाला पेशंटच्या नोंदी करायच्यात, म्हणून मलावीचं सांगते, हे उदाहरण मी भेटेल त्याला सांगते.

मलावीत २००० नंतरच्या काळात एचआयव्हीच्या औषधांचा कार्यक्रम झपाट्याने वाढत होता आणि नर्स-डॉक्टर फारच कमी. लिलाँग्वेत बाओबाब हेल्थ नावाच्या संस्थेने टचस्क्रीनची यंत्रणा बनवली, डेटा एंट्री ऑपरेटरसाठी नाही, पेशंट समोर बसलेला असताना नर्सनेच वापरायची. किबोर्ड-माऊस नाही. एका वेळी एकच प्रश्न, मोठी बटणं, ज्याने आयुष्यात कॉम्प्युटर वापरला नाही त्यालाही थोड्याच वेळात जमेल असं. कमी वीज खाणारी छोटी उपकरणं वापरली, सुरुवातीला तर अमेरिकेत बाजारात न चाललेली स्वस्त इंटरनेट उपकरणं घेऊन, त्यांना टचस्क्रीन जोडून, आणि मागे बॅटऱ्या, म्हणजे वीज गेली तरी रांग थांबायला नको.

मलावीत प्रत्येक पेशंटकडे एक छोटी वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात, लोक ती जपतात. बाओबाबच्या यंत्रणेत छोटा प्रिंटर जोडलेला. पेशंटचं नाव एकदा नोंदलं की बारकोडचं लेबल निघतं, ते वहीवर चिकटवायचं, पुढच्या वेळी स्कॅन केलं की नोंद समोर. आणि भेट संपली की त्या दिवसाचा सारांश, कुठलं औषध, किती गोळ्या, पुढची तारीख कधी, हे लेबलवर छापून निघतं आणि नर्स ते वहीत चिकटवते. तिचं हाताने लिहिणं वाचलं. पुढची तारीख आणि गोळ्यांचा हिशोब यंत्राने केला. तिमाहीला सगळ्या पेशंटच्या कार्डांचे गठ्ठे उपसून मंत्रालयासाठी मोजणी करायला आधी दिवसच्या दिवस जायचे, ती मोजणी आता यंत्र करून देतं. भरलेल्या प्रत्येक नोंदीच्या बदल्यात तिला त्याच मिनिटाला काहीतरी हातात मिळतं. हेच तिचं कमिशन. तुमच्या अ‍ॅपमधला प्रत्येक रकाना घेऊन मला सांगा की हा भरल्यावर भरणारीला काय मिळणार, आणि ज्याचं उत्तर 'वरच्या ऑफिसला माहिती मिळणार' एवढंच असेल तो रकाना काढून टाका, नाहीतर त्याचा मोबदला दुसरीकडे कुठेतरी द्या.

आपल्या घरचंही बघा. वारणेचं 'वायर्ड व्हिलेज' १९९८ चं, कोल्हापूर-सांगलीकडची ७० गावं, साखर कारखान्याच्या आधाराने गावागावात कॉम्प्युटरची केंद्रं. कल्पना मोठी होती, शेतीसल्ला, बाजारभाव, इंटरनेट, सगळं गावात. काही वर्षांनी बघितलं तर शेतकरी केंद्रावर मुख्यतः कशासाठी यायचा, तर आपल्या उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, असल्या कारखान्याच्या हिशोबासाठी. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या लोकांनी काही गावांत असं करून बघितलं की कॉम्प्युटर काढून त्याजागी साधा एसएमएस, शेतकऱ्याने मेसेज पाठवायचा आणि उत्तरात वजन यायचं. शेतकऱ्यांना तेच बरं वाटलं आणि खर्च तर कितीतरी कमी. मला यात अपयश दिसत नाही. ऊस घातला की आपला काटा किती झाला हे त्याच दिवशी कळणं ही शेतकऱ्याची फार जुनी आणि फार खरी गरज आहे. पण ती गरज एवढीच आहे हे समजायला एवढी कॉम्प्युटर केंद्रं उभारायची गरज नव्हती, पारावर बसून चार लोकांना विचारलं असतं तरी कळलं असतं.

आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले ते आठवतंय? फोन जुने, मेमरी कमी, गरम होणारे, आणि ज्या अ‍ॅपमध्ये भरायचं त्यातली भाषा इंग्रजी. बातम्यांत ते मानधनाच्या आंदोलनासारखं आलं, मला ते या विषयावरचं सगळ्यात स्पष्ट तज्ज्ञ मत वाटलं. मलावीतली नर्स आणि आपली सेविका एकाच जागी उभ्या आहेत.

आता तांत्रिक गोष्टी, कारण तुम्ही कोड लिहिणार. ऑफलाइन चालणं हे नंतर घालायचं फीचर नाही, सुरुवातच तिथून. दिवसभर नेट नसताना काम झालं पाहिजे आणि संध्याकाळी रेंज आली की आपोआप वर गेलं पाहिजे, आणि एकच पेशंट दोन फोनवर बदलला असेल तर काय करायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. हे काम कठीण आहे आणि बऱ्याच प्रोजेक्टमध्ये यावरच सगळं अडतं. दुसरं, पेशंट ओळखायचा कसा? जन्मतारीख माहीत नसते, एकाच गावात त्याच नावाच्या चार जणी असतात, फोन नंबर नवऱ्याचा किंवा शेजाऱ्याचा असतो, गाव बदलतं. तुमच्या फॉर्ममध्ये जन्मतारीख सक्तीची केलीत तर सगळ्या जिल्ह्याचा जन्म १ जानेवारीला झालेला दिसेल, मी असा डेटा पुष्कळ बघितलाय.

तिसरं, वेळ आणि तारीख. इथिओपियाचं स्वतःचं कॅलेंडर आहे, १३ महिन्यांचं, आणि ते आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, सरकारी महिनावार रिपोर्ट त्याच महिन्यांप्रमाणे जातात. नेपाळात विक्रम संवत. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारी कोडमध्ये पक्कं करून टाकलंत तर तिथे एकही रिपोर्ट जुळणार नाही. स्वाहिली बोलणाऱ्या भागात दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजायची पद्धत आहे, सकाळी सात म्हणजे पहिला तास, त्यामुळे पेशंटला 'तीन वाजता या' असं सांगितलं म्हणजे कधी, हे तिथल्या नर्सशी बसून नक्की करा. चौथं, फोन. तुमच्या खिशातल्या फोनवर टेस्ट करू नका, बाजारातला सगळ्यात स्वस्त, २ जीबी मेमरीचा, स्क्रीनला तडा गेलेला, गाण्यांनी आणि फोटोंनी भरलेला फोन घ्या, त्यावर चाललं तर चाललं.

गुप्तता. एचआयव्हीच्या औषधांची यादी चुकीच्या हातात गेली तर बाईला घराबाहेर काढतात, हे मी पुस्तकी बोलत नाहीये. केनिया आणि युगांडा दोन्हीकडे २०१९ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे झालेत, ते वाचा. पेशंटचा डेटा 'टेस्टिंगसाठी' म्हणून पुण्यातल्या लॅपटॉपवर कधीही आणायचा नाही, एकदासुद्धा नाही, बनावट डेटा तयार करून त्यावर टेस्टिंग करा.

लॅपटॉपबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. पाठवू नका. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, म्हणजे वीज गेली की बंद, आणि वीज जातेच, शिवाय व्होल्टेज वर-खाली झालं की चार्जर जळतो, तो चार्जर तालुक्याच्या गावात मिळत नाही. वर्षभरात तो लॅपटॉप भंगार होतो आणि ते भंगार ठेवायची जागा त्या देशाला शोधावी लागते. घानामध्ये अक्रात अगबोगब्लोशीच्या भंगारात तरुण मुलं तांब्यासाठी वायरी जाळायची, त्यातलं पुष्कळ सामान 'जुनं पण चालू' म्हणूनच बाहेरून आलेलं असायचं. नवी यंत्रं वाटूनही आपोआप काही होत नाही. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही मोहीम तुम्हाला आठवत असेल, १०० डॉलरचा लॅपटॉप, आपल्याकडे रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या छोट्या शाळेतही २००७ मध्ये आले होते. पेरू देशाने असे आठ लाखांहून जास्त घेतले. २०१२ मध्ये तिथल्या ग्रामीण शाळांचा मोठा अभ्यास आला, त्यात गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक सापडला नाही. मुलं यंत्र वापरायला शिकली, तेही काही कमी नाही, पण शिक्षकाला त्या यंत्राने उद्याच्या तासाला काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

यंत्रणा टिकते ती तिथल्या माणसांमुळे. सर्व्हरचं बिल कोण भरणार, डोमेनची मुदत संपली की ईमेल कुणाला येणार, बॅकअप घेतलाय ते ठीक पण परत उतरवून कुणी बघितलाय का, नवी लस आली की फॉर्ममध्ये रकाना कोण वाढवणार? उत्तर 'आम्ही, पुण्यातून' असं असेल तर थांबा. डीएचआयएस पसरलं त्याचं मोठं कारण हे की ऑस्लोच्या लोकांनी दार-ए-सलाम, कंपाला, दिल्ली अशा ठिकाणी तिथल्या तिथे टीम उभ्या केल्या, तिथल्या मुलामुलींना मास्टर्स-पीएचडी करायला मदत केली, दर वर्षी वेगवेगळ्या देशांत प्रशिक्षण शिबिरं घेतली, आणि हे वीस-पंचवीस वर्षं न थांबता चालू ठेवलं. भारतानेही याच वाटेने चांगली कामं केलीयेत, अक्रातलं कोफी अन्नान यांच्या नावाचं आयटी केंद्र २००३ मध्ये भारताच्या मदतीने उभं राहिलं आणि ते उभारण्यात आपल्या पुण्याची सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था होती.

पैसा बाहेरचा असला की काय होतं ते २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली तेव्हा सगळ्यांनी बघितलं. एचआयव्ही क्लिनिकमधल्या डेटा क्लार्कचा पगारच ज्या ठिकाणी प्रोजेक्टमधून यायचा तिथे एका आठवड्यात नोंदी थांबल्या, औषधं घेणारे पेशंट कोण आणि कुणाची तारीख चुकली हे सांगायला माणूसच उरला नाही. ती माणसं मी ओळखते, कितीतरी वर्षं त्यांनी हे काम केलं होतं. म्हणून नव्या कामाची चर्चा सुरू झाली की माझा पहिला प्रश्न असतो की हे चालवणाऱ्या माणसाचा पगार सरकारच्या कुठल्या खात्यातून निघणार आहे. हे विचारायला अवघड वाटतं, पहिल्याच मीटिंगमध्ये तर फारच, तरी विचारा.

मग तुम्ही नेमकं काय करायचं? नवं अ‍ॅप लिहू नका. ओपनएमआरएस नावाची पेशंटच्या नोंदींची खुली यंत्रणा आहे, २००४ मध्ये सुरू झाली, तिची मुळं केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही कार्यक्रमात आहेत, आज ती अनेक देशांत चालते. तिच्यावरच उभं राहिलेलं बाह्मनी हे छोट्या हॉस्पिटलसाठीचं सॉफ्टवेअर, त्याची सुरुवात तर छत्तीसगडच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या दवाखान्यात झाली आणि तिथून ते इतर देशांत गेलं. या दोन्हींना हात लागतात ते कंटाळवाण्या कामांना: जुने बग, हळू चालणारी पानं, कमी मेमरीवर टेस्टिंग, इन्स्टॉल कसं करायचं याचं नीट लिखाण, डेटा एका व्हर्जनवरून दुसऱ्यावर नेणं. तुमच्या पाच जणांच्या शनिवार-रविवारमध्ये हे उत्तम बसतं आणि तुमचा एक बग सुटला की पंधरा देशांत त्याचा उपयोग होतो. ज्या मित्रांना कोडिंग येत नाही त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर उपग्रहाचे फोटो बघून घरं आणि रस्ते काढावेत. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा जगभरच्या स्वयंसेवकांनी असाच घरी बसून काढला आणि मदतकार्य करणाऱ्यांनी तो खरोखर वापरला. लसीकरणाचं पथक निघतं तेव्हा गावात घरं किती हे माहीत नसणं ही रोजची अडचण आहे.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, व्हिसा वगैरे काही न काढता, वेल्ह्याच्या किंवा जव्हारच्या बाजूच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन एक महिनाअखेर जाऊन बसा. पेशंटच्या खासगी गोष्टींपासून लांब राहा, फक्त सिस्टर आणि आशाताई रिपोर्ट कसा बनवतात ते बघा. किती रजिस्टरं उघडली, एकच आकडा किती ठिकाणी लिहिला, कुठल्या अ‍ॅपमध्ये काय भरलं, नेट गेलं तेव्हा काय केलं, कुठली गोष्ट त्या स्वतःच्या साध्या वहीत वेगळी लिहून ठेवतात. ती साधी वही कुणी सांगितली म्हणून ठेवलेली नसते, त्यात त्यांना स्वतःला लागणारी माहिती असते, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारा. जे दिसेल ते लिहून काढा आणि मला पाठवा, मग ओपनएमआरएसमध्ये नवख्या लोकांसाठी वेगळी काढून ठेवलेली कामं असतात त्यातलं तुमच्या ग्रुपला कुठलं जमेल ते आपण मिळून बघू.